साय नसलेलं दूध

माझ्यापुढं दोन डब्या असायच्या.
एकीत गोरेपणा, एकीत काजळी.
तीन नंबरच्या फ्लोअरवर, पत्र्याखाली,
मे महिन्यात, दिव्यांच्या भट्टीत
मी पोरांना श्रीमंत करायचो, गरीब करायचो.
दिवसाला बारा रुपये आणि एक जेवण.

त्या पिक्चरला दोन पोरं होती.
यशोधर, पैसे घालणाऱ्या शेटजींचा भाचा.
त्याला मी झोपडीत पाठवला:
कोपरांना राख, गुडघ्याला खोटी खपली,
केसांत माती भर म्हणाले.
माती चाळून घेतली मी. शेटजी बघत होते.

दुसरा दस्तगीर. गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
पेले विसळायचा, म्हशीचा कासरा धरायचा.
डायरेक्टरनी त्याची हनुवटी वर केली,
"डोळे घारे आहेत. बंगल्यात शोभेल."
झालं.
त्याच्या तळहाताच्या भेगा मी मेणानं बुजवल्या.
बूट दिले, तळाला खडूनं नंबर घातलेले.
ते घालून तो फरशीवर नुसता
टक टक फिरत राहिला,
जेवायच्या सुट्टीतसुद्धा.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बघितली नसली तरी ठाऊक आहे:
झोपडीत हसू, बंगल्यात उसासे.
लिहिणारे पुण्याहून आले होते,
लॉजवर पंखा बंद पडला की चिडायचे.

यशोधरनं भाकरी मोडली, ठेचा लावला,
नाकडोळे वाहतायत आणि हसतोय.
खरंच हसत होता पोरगा, ते खोटं नव्हतं.
कट म्हटल्यावर म्हणाला, अजून एकदा करूया?
दाराशी ड्रायव्हर उभा होता, थर्मास घेऊन.

मग दस्तगीरचा सीन.
लांबलचक टेबल, एका टोकाला तो,
चांदीचा म्हणून रंगवलेला पेला.
"नको मला दूध. मला आई पाहिजे."
आणि पेला उडवायचा.

अकरा वेळा उडवला त्यानं.
अकरा वेळा दूध गोणपाटानं पुसलं गेलं.
दर वेळी नाक आक्रसून मान फिरवायचा,
ओठ असे घट्ट मिटायचा
की कॅमेऱ्यामागं कुणीतरी हुंदका दिला.
डायरेक्टर म्हणाले, "हा ऐश्वर्यातला एकटेपणा.
शिकवून येत नाही."
मी पफ हातात धरून उभा.
मला वाटलं, भूक दाबतोय पोरगा.
माझाही घसा दाटला. मीही त्यांच्यातलाच.

पिक्चर दिवाळीला लागला.
लक्ष्मीपुरीतल्या थेटरात, पुढच्या बाकड्यावर
मी, दस्तगीर आणि त्याची आई हुसेनबी,
एका घरची धुणी टाकून आलेली.
बंगला दिसला तशी ती कुजबुजली,
"एवढ्या घरात तुझी वाकळ कुठं घालतेत रं?"
झोपडीतली भाकरी आली, वर बाल्कनीत नाकं ओढली गेली.
आमच्या बाकड्यावरचा एक म्हातारा म्हणाला,
"कांदा दिला न्हाई पोराला."

मग पेला उडाला.
दूध सावकाश पसरलं, सिनेमात पसरतं तसं,
आणि अंधारात फाडकन आवाज आला.
हुसेनबीनं मुस्काटात ठेवून दिली होती.
"दूध सांडतोस? आं? दूध?"

बाल्कनी रडत होती.
दस्तगीर गाल चोळत माझ्याकडं वळला,
तेच नाक आक्रसून, तेच ओठ मुडपून:
"काका, सांगा की तिला.
पावडरचं हुतं त्ये. साय धरत न्हवती.
आमच्या कट्ट्यावर असलं कुत्रं पीत न्हाई."

मी सांगितलं.
ती क्षणभर गप्प. "मग बरं केलंस,"
म्हणाली, आणि त्याचा गाल आपल्या पदरानं पुसला.
आम्ही तिघंही हसलो, मोठ्यानं, मागून शुक् शुक् झालं.
ह्याला आता झोपडीतलं हसू म्हणू नका.
पहाटे चारला म्हशी यायच्या होत्या.

बूट केव्हाच पेटीत परत गेले होते.
घरी जाताना पोरगा पुढं पुढं चालला,
अनवाणी,
जिभेनं टक टक वाजवत.